स्टेशनवरची तिकीट खिडकी बंद होणार म्हणे. हरकत नोंदवायची का, आणि कशी?

रेवा_मिडलंड्स | १० जुलै २०२३, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात राहणाऱ्यांसाठी मुख्यतः हा धागा आहे, पण बाकीच्यांनीही जरूर लिहा.

गेल्या बुधवारी, ५ जुलैला, आमच्या गावच्या स्टेशनात तिकीट खिडकीच्या काचेवर एक कागद लागला. खिडकी बंद करण्याचा प्रस्ताव आहे, आपलं मत कळवा, मुदत २१ दिवस. घरी येऊन बातम्या पाहिल्या तर हे फक्त आमच्या गावाचं नाही. रेल्वे कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे रेल डिलिव्हरी ग्रुपने, इंग्लंडभरच्या जवळजवळ १००० खिडक्या तीन वर्षांत बंद करायचं ठरवलंय. त्याविरुद्ध आरएमटी आणि टीएसएसए या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या युनियन उभ्या राहिल्यात. शनिवारी सकाळी स्टेशनच्या दारात दोघेजण पावसात उभे राहून पत्रकं वाटत होते. त्यातला एक आमच्या खिडकीवरचाच माणूस.

मला हे का लागलं ते सांगते. माझी आई ७१ वर्षांची आहे. दर उन्हाळ्यात साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येते. तिचं इंग्रजी म्हणजे थँक्यू, सॉरी आणि आकडे. तरीही ती एकटी गाडी बदलून माझ्या बहिणीकडे जाते, कारण खिडकीवरचा माणूस तिकिटाबरोबर तिला एक चिठ्ठी देतो. गाडीची वेळ, फलाट क्रमांक, कुठे उतरायचं, पुढची गाडी किती वाजता, सगळं जाड पेनाने, मोठ्या अक्षरात. फलाटाच्या आकड्याभोवती गोल. त्याने हे कोणी सांगितलं म्हणून सुरू केलं नाही. पहिल्यांदा आई चुकीच्या फलाटावर जाऊन उभी राहिली, तेव्हा तो खिडकी सोडून धावत तिच्यामागे आला होता, आणि त्याच्या पुढच्या वेळेपासून चिठ्ठी. आईच्या पर्समध्ये अशा अकरा चिठ्ठ्या आहेत. मी मोजल्या.

तर प्रश्न असा की तुमच्यापैकी कोणी हरकत लिहिणार आहे का? मी अजून इथली नागरिक नाही, तरी चालतं का? आणि अशा हरकती कोणी खरंच वाचतं का?

---

नर्मदे_हर | १० जुलै, १०:१५

वाचतेय. आईंच्या चिठ्ठ्या जपून ठेवा.

---

कोल्हापुरी_चप्पल | १० जुलै, ११:०२

रेवाताई, तुमच्या आईंचा अनुभव छानच आहे. पण माझं मत वेगळं आहे, ते मांडतो.

मी रेडिंगहून आठवड्यातून तीनदा लंडनला जातो. गेल्या चार वर्षांत खिडकीवर एकदाही गेलो नाही. तिकीट फोनमध्ये असतं. कंपन्या सांगतात की आता जेमतेम १२ टक्के तिकिटं खिडकीवर विकली जातात, १९९५ साली ८५ टक्के विकली जायची. जग बदललं की कामही बदलतं. शिवाय माणसं काढून टाकणार असं कोणी म्हणत नाहीये. काचेमागे बसलेली माणसं बाहेर फलाटावर आणणार, तिथे ती जास्त लोकांना मदत करतील, असं प्रस्तावात आहे. यात वाईट काय?

आणि संपाचं काय? २०, २२ आणि २९ जुलैला आरएमटीचा पुन्हा संप आहे. गेल्या वर्षीच्या जूनपासून हेच चाललंय. प्रवाशांसाठी लढतो म्हणायचं आणि प्रवाशांनाच घरी बसवायचं, हे मला पटत नाही.

---

सह्याद्रीचा_वारा | ११ जुलै, सकाळी ७:३०

को.चप्पल यांच्याशी सहमत. मीही खिडकीवर जात नाही.

---

रुळांवरचा_पोर | ११ जुलै, दुपारी २:२०

इथे वाचतो बरेचदा, लिहितो क्वचित. आज राहवत नाही.

मी नऊ वर्षं स्टेशनवर काम करतो, इंग्लंडात. अर्धी शिफ्ट खिडकीत, अर्धी गेटवर. युनियनचा सभासद आहे, आणि यात माझी नोकरीही आहे. २३०० जागा धोक्यात आहेत असा आरएमटीचा हिशेब आहे. माझा स्वार्थ आहे हे धरूनच पुढचं वाचा.

"बाहेर फलाटावर आणणार" याबद्दल. तिकीट खिडकी किती वाजता उघडायची, किती वाजता बंद करायची, हे कंपनीच्या मर्जीवर नाही. रेल्वेचं खाजगीकरण झालं तेव्हाच्या, १९९५ च्या करारात ते बांधलेलं आहे. वेळ कमी करायची तरी जाहीर करावं लागतं, लोकांची मतं मागवावी लागतात, प्रवाशांच्या संस्थेने हरकत घेतली तर मामला मंत्र्यापर्यंत जातो. म्हणूनच तर तो कागद काचेवर लागलाय. पण हे सगळं संरक्षण खिडकीला आहे, फलाटावर उभ्या माणसाला नाही. एकदा मी जाकीट घालून बाहेर आलो की माझी वेळ कुठल्याच करारात नाही. या वर्षी आठ तास, पुढच्या वर्षी चार, त्याच्या पुढच्या वर्षी मंगळवार-शुक्रवार सकाळी. त्यासाठी कोणाला विचारायची गरज उरत नाही. खिडकी हा खुंटा आहे. आमची दावण त्याला बांधलेली आहे.

आता "तिकीट विकतो" म्हणजे दिवसभर काय करतो? कालचंच सांगतो. पहाटे सव्वापाचला दार उघडलं, प्रतीक्षालय आणि संडास उघडले. हे सगळं माझ्या वेळेवर उघडतं आणि माझ्याच वेळेवर बंद होतं. लिफ्ट चालते का पाहिली. सात वाजता चाकाच्या खुर्चीतल्या बाईंसाठी रॅम्प लावला. आमच्या मार्गावर बऱ्याच गाड्यांत गार्ड नाही, एकटा ड्रायव्हर. तो केबिन सोडून येत नाही. म्हणजे रॅम्प मी लावला नाही तर त्या बाई फलाटावरच. नऊला एक मुलगा चुकीचं तिकीट काढून आला होता, त्याचे ४० पौंड वाचवले. दुपारी एक मुलगी खिडकीपाशी येऊन हळूच म्हणाली, तो माणूस दोन स्टेशनांपासून माझ्या मागे आहे. तिला आत घेतलं, दार लावलं, पोलिसांना फोन केला, ती निघेपर्यंत चहा दिला. या सगळ्यात मी विकलेली तिकिटं किती? फार नाहीत. १२ टक्क्यांच्या हिशेबात ती मुलगी कुठे बसते ते मला सांगा.

संपाबद्दल: त्या दिवसाचा पगार आम्हाला मिळत नाही. घरात दोन पोरं आहेत. हौस म्हणून कोणी करत नाही, दादा.

रेवाताई, नागरिकत्वाची अट नाही. कोणीही प्रवासी लिहू शकतो. मुदत २६ जुलै.

---

नर्मदे_हर | ११ जुलै, ३:०५

पोराला दंडवत. खुंटा आणि दावण लक्षात राहील.

---

अंधुकउजेड | ११ जुलै, सायं. ६:५०

मला २८ व्या वर्षापासून कमी दिसतं. आता मधलं जवळजवळ काहीच दिसत नाही, कडेकडेचं थोडं दिसतं. हे फोनच्या वाचून दाखवणाऱ्या सोयीवर लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तिकिटाचं यंत्र म्हणजे माझ्यासाठी एक गुळगुळीत काच. बटणं नाहीत, उठाव नाही, आवाज नाही. बोट कुठे ठेवायचं? इथल्या अंधांच्या संस्थेने, आरएनआयबीने, कमी दिसणाऱ्या लोकांना विचारलं, तेव्हा यंत्र विनाअडचण वापरता येतं म्हणणारे शंभरात तीन निघाले.

तुम्ही म्हणाल, फोनवर काढा. काढते. पण अंध व्यक्ती आणि तिच्यासोबतचा माणूस यांना रेलकार्डाशिवाय (म्हणजे सवलतीच्या कार्डाशिवाय) मिळणारी एक सवलत आहे, ती ऑनलाइन मिळत नाही, यंत्रावरही मिळत नाही. ती फक्त माणसाकडून मिळते. आणि तिकिटाविना गाडीत चढलं तर या जानेवारीपासून दंड १०० पौंड, अधिक तिकीट. मग तिथे आपली बाजू मांडत बसायचं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. एका लहान स्टेशनवर कोणीच नव्हतं. कोणाचा तरी पायरव ऐकला, हाक मारली, विनंती केली. माणूस भला होता. त्याने यंत्र चालवलं, मग म्हणाला, पिन टाका. आकडे कुठे आहेत ते मला दिसेना, थंडीने बोटं बधिर. मागे गाडीची घोषणा झाली. मी त्याला पिन सांगितला. मोठ्याने, कारण वारा होता. बँकेचं कार्ड एका अनोळखी माणसाच्या हातात, पिन वाऱ्यावर. गाडी मिळाली. घरी येऊन कार्ड बदलून घेतलं, आणि त्या भल्या माणसावर संशय घेतल्याची लाज वाटून रडले.

मदत आधी नोंदवता येते, दोन तास आधी फोन केला तरी चालतो, हे मला माहीत आहे. तुम्ही घराबाहेर पडायच्या दोन तास आधी फोन करता का?

---

कोल्हापुरी_चप्पल | ११ जुलै, रात्री १०:३०

अंधुकउजेड, पिनचं वाचून दोनदा थांबलो. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. क्षमा असावी.

रुळांवरचा पोर, कराराचा मुद्दा नवीन होता, समजला. तरी एक शंका राहतेच. करोनानंतर प्रवासी घटले, सरकार रेल्वेत पैसा ओततंय, तो आपल्याच करातून जातो. प्रत्येक खिडकीत माणूस ठेवायला पैसे कुठून आणायचे, याचं उत्तर युनियनने द्यायला नको का?

---

टेम्सकाठ | १२ जुलै, दुपारी १२:१०

मी १९८४ पासून लंडनमध्ये आहे. "बाहेर येऊन मदत करतील" हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे, म्हणून चार गोष्टी सांगते.

१८ नोव्हेंबर १९८७. किंग्ज क्रॉस स्टेशनात लाकडी सरकत्या जिन्याखाली जळती काडी पडली. खाली वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि कचरा होता. ३१ माणसं गेली. मी तेव्हा त्याच मार्गाने कामाला जात असे, त्या दिवशी ताप म्हणून घरी होते. दुसऱ्या आठवड्यात गेले तर वास तसाच होता. त्या आगीच्या चौकशीनंतर १९८९ मध्ये भुयारी स्टेशनांसाठी नियम आले. लाकूड काढायचं, कर्मचाऱ्यांना आगीचं शिक्षण द्यायचं, आणि स्टेशन उघडं असेल तेव्हा किमान दोन कर्मचारी हवेतच. दोन नसतील तर स्टेशन बंद. ट्यूबची, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेची, स्टेशनं कधी कधी "कर्मचारी नसल्याने बंद" असतात आणि लोक वैतागतात, त्यामागे ही ३१ माणसं आहेत.

मग २०१३ चा नोव्हेंबर. ट्यूबच्या सगळ्या तिकीट खिडक्या बंद करायचं जाहीर झालं. महापौर बोरिस जॉन्सन, ज्यांनी २००८ च्या निवडणुकीत खिडक्या वाचवू असं सांगून मतं मागितली होती. २०१४ च्या फेब्रुवारीत संप झाला. आरएमटीचे नेते बॉब क्रो तेव्हा टीव्हीवर दिसायचे, पुढच्याच महिन्यात अचानक गेले. २०१५ मध्ये खिडक्या गेल्या. माणसं बाहेर आली खरी, पण शेकडो जागा कमी करून. जानेवारी २०१७ मध्ये स्टेशनच्या कर्मचाऱ्यांनी पुन्हा संप केला आणि मध्य लंडनमधली बहुतेक स्टेशनं बंद राहिली. मागणी एकच होती, माणसं कमी पडताहेत, भरा. मग काही जागा परत भराव्या लागल्या.

तेव्हा को.चप्पल, पैसे कुठून आणायचे या प्रश्नाआधी हेही विचारा की काढून टाकलेलं परत आणायला किती लागतात.

आणि लंडनमध्ये निदान तो दोन कर्मचाऱ्यांचा नियम आहे. रेवाच्या गावच्या उघड्या फलाटाला तोही नाही.

---

शेंडेकाका | १२ जुलै, रात्री ८:००

मी डोंबिवलीकर, निवृत्त बुकिंग क्लार्क. ३६ वर्षं खिडकीत काढली. विलायतेतलं मला फार कळत नाही, पण खिडकी कळते.

आमच्याकडे यंत्रं आली, फोनवरचं तिकीट आलं. वाईट झालं असं मी म्हणणार नाही. सकाळी सव्वाआठची गर्दी आम्ही पाहिली आहे, रांग पुलावर जायची. पण गंमत पाहा, मुंबईत यंत्र बसवल्यावर रेल्वेने त्या यंत्राशेजारी माणूस बसवला. कोण? आमच्यासारखे निवृत्त कर्मचारी. कमिशनवर. माझे दोन मित्र बसतात. लोक यंत्राकडे न बघता त्यांनाच सांगतात, "काका, दोन कल्याण रिटर्न." म्हणजे माणूस लागतोच. फक्त नोकरी गेली आणि कमिशन आलं.

खिडकीतला माणूस हिशेबाला बांधलेला असतो हे बाहेरच्यांना माहीत नसतं. शिफ्ट संपली की कॅश जुळली पाहिजे. कमी आली तर आपल्या खिशातून भरायची. एकदा माझे ३०० रुपये शॉर्ट आले, साल १९८८, महिनाअखेर. दुसऱ्या दिवशी एक भाजीवाली आली, पदराच्या गाठीतून तीन नोटा काढल्या आणि म्हणाली, "दादा, काल जास्तीचे दिलेस." यंत्राला कोणी परत आणून दिले असते का?

अवांतर: जुनं पुठ्ठ्याचं तिकीट आठवतं का कोणाला? तारखेच्या यंत्रात सरकवलं की खट्ट आवाज यायचा. एका शिफ्टला काही हजार वेळा खट्ट. झोपेतही ऐकू यायचं.

---

सह्याद्रीचा_वारा | १२ जुलै, ८:२५

काका! आठवतं तर. आमच्या घरी कंपासपेटीत साठवलेली असत. भायखळ्याच्या रेल्वे छापखान्यातून यायची ना?

---

शेंडेकाका | १२ जुलै, ८:४०

बरोबर, भायखळा.

---

खुसपट | १२ जुलै, ९:५५

काका, त्या पुठ्ठ्याच्या तिकिटाचा जन्म इंग्लंडातलाच. टॉमस एडमंडसन नावाचा एक स्टेशनमास्तर होता, न्यूकॅसल-कार्लाइल मार्गावरच्या एका खेड्यात. हाताने तिकिटं लिहून कंटाळला, शिवाय हिशेबाला धरबंध नाही. म्हणून १८३० च्या दशकात त्याने क्रमांक छापलेली पुठ्ठ्याची तिकिटं आणि तारीख ठोकायचं यंत्र केलं. तीच पद्धत जगभर गेली, तुमच्या डोंबिवलीच्या खिडकीपर्यंत. ब्रिटिश रेल्वेने ती १९९० मध्ये थांबवली.

रेवाताईंचा तिसरा प्रश्न होता, हरकती कोणी वाचतं का. त्याच कार्लाइलला जाणारा सेटल-कार्लाइल मार्ग १९८० च्या दशकात बंद व्हायचा होता. मोठमोठे पूल, दुरुस्तीचा खर्च फार, प्रवासी थोडे, कारणं आजच्यासारखीच. लोकांनी संघटना केली आणि २२ हजारांवर हरकती नोंदवल्या. त्यातली एक रस्वार्प नावाच्या कुत्र्याची. तो तिकीट काढून प्रवास करायचा, म्हणून त्याच्या पंजाचा ठसा हरकत म्हणून धरला गेला. १९८९ मध्ये सरकारने बंद करायला नकार दिला. मार्ग आजही चालू आहे. पुढच्या वर्षी त्या कुत्र्याचा मालक डोंगरात वारला, तेव्हा तो ११ आठवडे त्याच्याजवळ बसून होता. गार्सडेल स्टेशनवर त्याचा पुतळा आहे. मी पाहून आलोय, नाकाला हात लावून लावून लोकांनी ते चकचकीत केलंय.

---

नर्मदे_हर | १२ जुलै, १०:०५

रस्वार्पला माझ्याकडून एक पोळी.

---

राईनकाठचा_मराठी | १३ जुलै, सकाळी ८:१५

जर्मनीतून लिहितोय. आमच्याकडे बहुतेक लहान स्टेशनं कधीचीच माणसाविना आहेत. काही ठिकाणी एक खोली असते, तिच्यात पडदा. बटण दाबलं की दुसऱ्या गावातली क्लार्क पडद्यावर येते आणि तिकीट काढून देते. माझ्यासाठी ठीक आहे, माझं काम झालं. पण शेजारच्या आजी तिथे जात नाहीत. "तिला मी दिसते, पण मी पडले तर ती उचलणार आहे का?" असं म्हणाल्या. मला यावर काही सुचलं नाही.

---

रेवा_मिडलंड्स | २७ जुलै, रात्री ९:२०

मंडळी, मुदत वाढली! १ सप्टेंबरपर्यंत. अपंग प्रवाशांनी आणि पाच महापौरांनी कोर्टात जायची तयारी केली होती. २१ दिवस अपुरे होते हेच त्यांचं म्हणणं होतं. अंधांना वाचता येईल अशी माहितीच कित्येक ठिकाणी वेळेत मिळाली नव्हती.

मी हरकत पाठवली. पोराने व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) बरंच समजावलं, ते इथे टाकते, इतरांना उपयोगी पडेल. लिहायचं ते प्रवाशांच्या संस्थेला: लंडनच्या बाहेर असाल तर ट्रान्सपोर्ट फोकसला, लंडन परिसरात असाल तर लंडन ट्रॅव्हलवॉचला. "खिडक्या बंद करू नका" एवढंच लिहिलं तरी मोजलं जातं, पण आपल्या स्टेशनचं नाव घालून, तिथे काय घडतं ते लिहिलं तर जास्त वजन येतं. किती वाजता जाता, फलाटावर जायला पूल आहे की लिफ्ट, यंत्रं किती, त्यात रोकड चालते का, उन्हात पडदा दिसतो का. मी दुपारी जाऊन पाहून आले. आमच्याकडे एकच यंत्र आहे, पश्चिमेकडे तोंड करून, आणि चारनंतर त्याच्यात फक्त माझा चेहरा दिसतो. रोकड घेत नाही. आमच्या गावातले निम्मे म्हातारे रोकडीवर जगतात.

आईनेही लिहिली. मराठीत. मी खाली भाषांतर जोडलं आणि एका चिठ्ठीची छायाप्रत लावली.

---

टेम्सकाठ | २७ जुलै, ९:४५

आईंना नमस्कार सांगा. मराठी हरकत पोचली असेल तर ती बहुधा एकमेव असेल.

---

अंधुकउजेड | २७ जुलै, १०:१०

एकमेव नाही. माझ्या आईनेही पाठवलीय.

---

कोल्हापुरी_चप्पल | ३० ऑगस्ट, रात्री ११:१५

धागा वर काढतोय.

संपाला माझा पाठिंबा आजही नाही. २६ ऑगस्टला परत एकदा संप झाला, बहिणीचा विमानतळाचा प्रवास बोंबलला, तिला टॅक्सीला ९० पौंड मोजावे लागले. हे लिहायलाच हवं, कारण त्याची झळही खरी आहे.

पण आज हरकत पाठवली. कारण सांगतो. हा धागा वाचल्यापासून स्टेशनवर डोकं वर करून बघायला लागलो. आधी गेटमधून फोन टेकवून सरळ निघून जायचो. परवा खिडकीपाशी वीस मिनिटं उभा राहिलो, मुद्दाम. आठ जण आले. दोघांनी तिकीट काढलं. बाकीच्यांत एकाचं तिकीट फोनमध्ये अडकलं होतं, एकीला परतावा हवा होता, एक आजोबा "पुढची गाडी आमच्या गावाला थांबते का" विचारायला आले होते. बोर्डावर लिहिलेलं होतं. तरी विचारायला आले. बाईंनी खिडकीतून वाकून हाताने फलाट दाखवला, आणि ते तिकडे वळेपर्यंत बघत राहिल्या.

मी त्या १२ टक्क्यांतला नाही. पण माझे वडील इथे आले तर ते त्यातलेच असतील.

---

रुळांवरचा_पोर | ३० ऑगस्ट, ११:४०

दादा, बहिणीचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. आणि आभार.

गेले सात आठवडे रोज शिफ्टच्या आधी नाहीतर नंतर दारात उभा राहतोय. पहिल्या आठवड्यात लोक पत्रक घेऊन कचऱ्यात टाकत. आता थांबून विचारतात, मी पाठवलं, माझ्या नवऱ्याचं पाठवू का? काल चाकाच्या खुर्चीतल्या त्याच बाई, ज्यांना मी रॅम्प लावतो, माझ्या शेजारी तासभर पत्रकं वाटत होत्या. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं तू मला गाडीत चढवलंस, आता माझी पाळी.

---

शेंडेकाका | ३१ ऑगस्ट, सकाळी ६:१०

पोरा, आम्ही १९७४ च्या मे महिन्यातल्या रेल्वे संपानंतर नोकरीला लागलेली पिढी. आधीच्यांनी काय सोसलं ते त्यांच्या तोंडून ऐकलं. नोकऱ्या गेल्या, क्वार्टर गेली, कित्येक तुरुंगात गेले. तेव्हा प्रवासी आमच्या बाजूने किती होते, हे मला नेहमी टोचत आलंय. तुझ्या शेजारी त्या बाई उभ्या राहिल्या, हे मोठं आहे. जप.

---

रुळांवरचा_पोर | ३१ ऑक्टोबर, दुपारी १:३०

मंडळी!!! मागे घेतलं!!!

ट्रान्सपोर्ट फोकस आणि लंडन ट्रॅव्हलवॉच, दोघांनीही प्रस्तावांना हरकत घेतली. लगेच वाहतूक मंत्री मार्क हार्पर यांनी कंपन्यांना प्रस्ताव मागे घ्यायला सांगितलं. साडेसात लाखांच्या आसपास लोकांनी लिहिलं होतं. साडेसात लाख! मी खिडकीतच होतो, फोनवर वाचलं, आणि समोरच्या आजोबांना परत द्यायचे सुट्टे तसेच हातात धरून बसलो.

---

नर्मदे_हर | ३१ ऑक्टोबर, १:३४

अभिनंदन!! डोळ्यांत पाणी आलं.

---

अंधुकउजेड | ३१ ऑक्टोबर, २:१०

फोनने वाचून दाखवलं, परत वाचायला लावलं. तिसऱ्यांदाही तेच म्हणाला.

---

कोल्हापुरी_चप्पल | ३१ ऑक्टोबर, रात्री ८:००

सर्वांचं अभिनंदन. मात्र हे सरकारी मंत्र्याने थांबवलं की संपाने, यावर वाद घालता येईल. सत्ताधारी पक्षाच्याच कित्येक खासदारांच्या गावची स्टेशनं यादीत होती.

---

टेम्सकाठ | ३१ ऑक्टोबर, ८:३०

खासदारांना पत्रं कोणी लिहिली? लोकांनी. लोकांच्या हातात पत्रक कोणी दिलं? आणि कोर्टाची तयारी अपंग प्रवाशांनी केली नसती तर जुलैतच मुदत संपली असती. यातला एक धागा ओढून काढला तर बाकीचे सुटतात.

---

रेवा_मिडलंड्स | १९ नोव्हेंबर २०२३, सायं. ७:१५

उशिरा येतेय. आई परत गेली, घर रिकामं वाटतंय.

जायच्या आदल्या दिवशी ती हट्टाने स्टेशनवर गेली. सोबत तिळाच्या वड्यांचा डबा. खिडकीवरच्या माणसाला डबा दिला आणि पर्समधून सगळ्या चिठ्ठ्या काढून काचेखालून सरकवल्या. आता सतरा झाल्या होत्या. तो एकेक उलटून बघत राहिला. मग म्हणाला, या चिठ्ठीत मी फलाट चुकीचा लिहिला होता, तुम्ही पोचलात कशा? मी भाषांतर केलं. आई म्हणाली, पुलावर दुसऱ्याला विचारलं. तिथेही होता एक जाकीटवाला.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे. या महिन्यात दोनदा खिडकीवर कागद होता, "कर्मचारी उपलब्ध नसल्याने आज बंद". दोन्ही वेळा मंगळवार. विचारलं तर कळलं, एक बाई निवृत्त झाल्या, त्यांची जागा भरलेली नाही. पोरा, याची तक्रार कुठे करायची? प्रस्ताव मागे घेतला म्हणजे करारातली वेळ कायम आहे ना?

---

रुळांवरचा_पोर | १९ नोव्हेंबर, ७:४०

कायम आहे. तारीख, वार, वेळ लिहून ठेवा, कागदाचा फोटो काढा. आधी कंपनीला लिहा, उत्तर समाधानकारक नसेल तर तेच ट्रान्सपोर्ट फोकसला. आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा जाऊन बघा.

---

रेवा_मिडलंड्स | १९ नोव्हेंबर, ७:४४

मंगळवारी मला सुट्टीच आहे. जाते.